दीड पानाचा आक्षेप

सरांनी माझ्या शिफारसपत्रात माझ्याविरुद्ध दीड पान लिहिलं होतं, आणि हे मला कळलं तेव्हा त्यांची कवळी माझ्या हातात होती. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे साडेचार वाजले असतील. कवळ्या बनवणं हे माझं काम, आणि ही कवळी मीच बनवलेली; दर सहा महिन्यांनी मी ती मागून घेते, घरी नेऊन पॉलिश करते आणि परत आणून देते. सरांनी पाठ फिरवून ती काढली, रुमालात धरून माझ्याकडे दिली, आणि कवळीशिवाय त्यांचा आवाज होतो तशा मऊ, पसरट आवाजात म्हणाले की टेबलावर पत्राची प्रत आहे, वाचून घे आणि पटतंय का सांग. एका हातात दात आणि दुसऱ्या हातात कागद अशी मी खिडकीशी उभी राहून वाचू लागले. पहिलं अर्धं पान छान होतं. मी त्यांची विद्यार्थिनी कधी होते, मधली बारा वर्षं कुठे होते, परत कशी आले, आणि चाळीस वर्षांच्या शिकवण्यात माझ्याइतकी चिवट वाचक त्यांना क्वचितच भेटली, असं सगळं. मग नवा परिच्छेद सुरू झाला, तो 'मात्र' या शब्दाने. 'मात्र तिच्या निबंधातला मुख्य दावा मला चुकीचा वाटतो, आणि तो का चुकीचा आहे हे इथे मांडणं मी माझं कर्तव्य समजतो.' तिथून उरलेलं पान आणि पुढचं आख्खं पान सरांनी तो दावा टाका टाका उसवला होता. शेवटची दोन वाक्यं अशी होती: 'यावर तिच्याकडे आज उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.' खाली सही, आणि सहीखाली निवृत्त प्राध्यापक, तत्त्वज्ञान विभाग.

मी विचारलं, "सर, हे पाठवलंत तुम्ही?"

"डिसेंबरातच. सातही विद्यापीठांना." सर खूश दिसत होते. बोळक्या तोंडाने हसताना ते फार निरागस दिसतात. "स्तुती काय, कुणीही करतं. आक्षेप घ्यायला समोरचा त्या तोलाचा लागतो."

विचार करून सांगते म्हटलं, कवळी डबीत घातली, पुढच्या मंगळवारी आणते म्हटलं. सर म्हणाले, सावकाश आण, मला काही घाई नाही. जिना उतरले. खाली रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती, चाव्या करून देणारा त्याच्या यंत्रावर वाकला होता, आणि मला त्या सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं की अहो, ऐका, माझ्याच माणसाने माझ्या वाटेत काय टाकून ठेवलंय ते. मला ती निवड समिती दिसू लागली. तीन थकलेली माणसं, समोर तीनशे अर्ज, जागा सहा. प्रत्येक पत्रात दशकातला सर्वोत्तम विद्यार्थी. आणि त्यात माझं पत्र. वाचणारा 'मात्र'पाशी येतो, चष्मा वर करतो, आणि पुढे न वाचताच माझा अर्ज दुसऱ्या ढिगावर सरकवतो. पत्रातला हा तिरका सन्मान ओळखायला तो माणूस निदान सरांच्या वर्गात बसलेला हवा, आणि सरांच्या वर्गात आम्ही जेमतेम नऊजण होतो.

त्या नऊजणांत मी मागच्या बाकावर असायचे. एम.ए. झाल्यावर सरांनी मला पुढे शिक म्हणून सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं, आणि गेले नव्हते. का, असं लोक विचारतात तेव्हा मी बाबांचं आजारपण सांगते. ते खोटं नाही. बाबा त्याच वर्षी गेले. पण खरं कारण असं की तेव्हा अर्ज केला असता आणि नकार आला असता, तर आपण हुशार आहोत या समजुतीवर जगायची सोयच गेली असती. ती समजूत मी बारा वर्षं जपून ठेवली आणि दातांच्या कारखान्यात कामाला लागले. आमचे मालक त्याला प्रयोगशाळा म्हणतात, पाटीही तशीच आहे, पण आहे तो कारखानाच. दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणात दात बसवतो, मग कवळी. ज्याचं तोंड आहे तो माणूस आम्हाला कधीच दिसत नाही. दिसतो तो पांढरा साचा आणि त्याला रबर लावून अडकवलेली वैद्यांची चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वी एका चिठ्ठीवर मी सरांचं नाव वाचलं. म्हणजे माझी नि सरांची बारा वर्षांनी भेट झाली ती अशी, त्यांचे दोन्ही जबडे माझ्या टेबलावर, आणि त्यांत एकही दात नाही. ज्या तोंडातून बाहेर पडलेलं प्रत्येक वाक्य मी एकेकाळी वहीत उतरवून घेतलं होतं, ते आतून असं दिसतं होय, असं वाटून मी कितीतरी वेळ साचा हातात धरून बसले. ती कवळी मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही, आणि झाल्यावर स्वतः नेऊन दिली. दार सरांनीच उघडलं. मी कोण ते त्यांना ओळखता आलं नाही. मग मी एका जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली, जो मी वर्गात विचारला होता आणि ज्याचं उत्तर देताना तास संपला होता, आणि सर म्हणाले, "मग बैस ना, ते राहूनच गेलंय."

त्या दिवसापासून दर मंगळवारी. कारखान्याला मंगळवारी अर्धी सुट्टी असते. सरांचं कुणी नाही. एक भाऊ दुसऱ्या शहरात, बाकी पुस्तकं. आम्ही एक परिच्छेद घ्यायचो आणि चहा गार होईस्तोवर त्याच्याशी झटायचो. सुरुवातीला सर म्हणाले, डावीकडे खाली जरा टोचतं. खरं तर हे वैद्यांचं काम, पण सर कुठे खेटे घालणार, म्हणून मी माझी घासायची छोटी मोटर घेऊन गेले आणि घासून दिलं. मग उजवीकडे टोचू लागलं, तेही घासलं. मग पुन्हा डावीकडे. तिसऱ्या वेळेनंतर सर म्हणाले, छान झालं, आणि मला झालेला आनंद सांगता येणार नाही. माझा निबंध निघाला तो त्या आनंदातूनच. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतं का, हा जुना प्रश्न. माझं म्हणणं थोडक्यात असं की ते विचार करून कळत नाही, हाताने कळतं. चिठ्ठी येते, इथे टोचतं, आपण घासतो, पुन्हा चिठ्ठी येते, पुन्हा घासतो, आणि एक दिवस चिठ्ठी येत नाही. चिठ्ठी यायची थांबली म्हणजे त्या अनोळखी माणसाचं दुखणं आपल्याला पुरतं कळलं. मग ते आपण कधी पाहिलेलं नसो, सोसलेलं नसो. सरांना निबंध फार आवडला होता. पीएच.डी.ला अर्ज कर म्हणून मागे लागले ते तेच. वय छत्तीस, म्हटलं सर, लोक हसतील. सर म्हणाले, हसू देत, दात तू बनवतेस.

आणि आता दीड पान. घरी जाऊन मी ते पुन्हा वाचलं नाही, पण वाचायची गरजही नव्हती, पाठच झालं होतं. 'चिठ्ठी थांबली म्हणजे दुखणं थांबलं असं नव्हे. माणूस कंटाळतो, संकोचतो, समोरच्याचं मन राखतो, किंवा दुखण्याची सवय करून घेतो. लेखिकेच्या मते ज्या क्षणी ज्ञान पूर्ण होतं, नेमकी त्याच क्षणी ती सर्वांत जास्त अंधारात असते.' दात घासताना हे वाक्य यायचं, साच्यात प्लास्टर ओतताना यायचं. वाईट हे की ते सुंदर होतं. मी निबंधावर आठ महिने घालवले होते आणि त्यात असं एक वाक्य नव्हतं.

वाट बघणं म्हणजे काय हे मला त्या दिवसांत नीट समजलं. लोकांना वाटतं की वाट बघणारा माणूस रिकामा असतो. मी तर दिवसभर राबत होते. फोन प्लास्टरच्या पोत्यावर पालथा घालून ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी अंगठ्याने उलटा करायचे, त्यामुळे त्याची काच कायम पांढरी. वीज कंपनीचं पत्र येई, बूट विकणाऱ्यांचं येई, आणि दर वेळी मी हातातला साचा खाली ठेवून ते उघडून बघे. एक वेबसाइट आहे, तिथे जगभरचे अर्ज केलेले लोक आपापला निकाल टाकतात: अमुक विद्यापीठ, तत्त्वज्ञान, मिळालं, अमुक विद्यापीठ, नाही. टोपणनावं घेऊन सगळे तिथे रात्रंदिवस मुक्कामाला. कुणी लिहायचं, अमुक विद्यापीठाकडून कुणाला काही आलं का? आणि खाली पंधराजण, नाही, नाही, आम्हीपण थांबलोय. मी कधी काही लिहिलं नाही, पण त्या पंधराजणांची मला माया वाटू लागली होती. यांच्यातल्याच कुणाच्या तरी जागेवर मी डोळा ठेवून आहे, हेही कळत होतं. मालक येताजाता विचारायचे, "काय पंडितबाई, लागला का निकाल?" मालकांचा स्वभाव चांगला आहे, त्यांना वाटायचं की हा दहावीसारखा एकाच दिवशी पेपरात येतो. पहिला नकार फेब्रुवारीच्या शेवटी आला, मग एका आठवड्यात आणखी तीन. सगळ्यांत तेच वाक्य, यंदा अर्जांची संख्या आणि दर्जा असामान्य होता. प्रत्येक नकार वाचताना मला 'मात्र' हा शब्द दिसायचा. असेलही तसं, नसेलही. नकाराचं कारण कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे आपल्या मनात जे कारण असेल त्याला मोकळं रान मिळतं. माझ्या मनात एकच होतं.

मी सरांकडे जायचं बंद केलं. ठरवून नाही. पहिल्या मंगळवारी डोकं दुखत होतं, खरंच दुखत होतं. दुसऱ्या मंगळवारी कामाचा ढीग होता. तिसऱ्या मंगळवारी कारण शोधायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, घरी पडून राहिले. सरांनी फोन केला नाही. त्याचाही राग आला. आपण रुसलोय हे समोरच्याच्या ध्यानातच येऊ नये म्हणजे काय? छत्तिसाव्या वर्षी रुसायची लाज वाटत होती, पण रुसवा काही वय विचारून येत नाही. पाचवा नकार त्याच दुपारी आला. आई समोर बसून शेंगा सोलत होती. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तीस वर्षं कानाला यंत्र लावून परगावचे कॉल जोडून द्यायची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी बोलताना तिचा आवाज अजून स्पष्ट आणि थोडा लांबून आल्यासारखा येतो. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. तिने एवढंच विचारलं की आता किती राहिले, मी दोन म्हटलं, आणि ती शेंगा सोलत राहिली. मग थोड्या वेळाने म्हणाली की सरांकडे जात नाहीस हल्ली. मी म्हटलं, सरांना तरी कुठे पडलंय, एक फोन नाही. तेव्हा ती एक्स्चेंजमधलं सांगू लागली. तिथे त्यांना सगळ्यांत अवघड काय वाटायचं, तर ओरडणारी गिऱ्हाईकं नव्हेत. थांबा, जोडून देते म्हणून सांगितलं की काही लोक शांत थांबायचे, दहा मिनिटं, वीस मिनिटं, आणि गडबडीत त्यांचा विसर पडायचा.

"ओरडणाऱ्याचं काही नसतं गं," आई म्हणाली. "गप्प बसलेलाच कळत नाही, लाइनवर आहे का गेला. मधूनमधून आपणच विचारायचं, आहात का म्हणून."

मी पडल्या जागी उठून बसले. आईच्या बोलण्याने मला सरांचा एकटेपणा आठवला वगैरे काही नाही. मला आठवली ती डबी. सरांची कवळी तीन आठवडे माझ्या कपाटात होती. तीन आठवडे दात नसलेला माणूस दात मागत नाही. सावकाश आण, मला काही घाई नाही. मी डबी काढली, कवळी दिव्याखाली धरली, आणि जे धंद्यातल्या पोराटोरालाही पहिल्या नजरेत दिसलं असतं ते मला दिसलं. दोन वर्षं वापरलेल्या कवळीचे दात झिजून गुळगुळीत होतात, चहाचा रंग फटीत बसतो, आतल्या बाजूला किटण धरतं. ही कालच साच्यातून काढल्यासारखी होती. दर सहा महिन्यांनी मी तिला पॉलिश करत होते आणि दर वेळी स्वतःचंच कौतुक करत होते की बघा, किती नीट राहिलीय.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मालकांना म्हटलं दोन तास जाऊन येते. मोटर, पेस्टची ट्यूब, कवळी, सगळं पिशवीत भरून बारा वाजता सरांच्या दाराशी उभी. सर जेवायला बसले होते. मंगळवार नसल्याने ते गोंधळले. बशी झाकायला गेले, पण मी बघितलं, दुधात भिजवलेला पाव होता. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि म्हणाले की अगं, मला वाटलं निकालांची गडबड असेल, म्हणून त्रास दिला नाही. मी त्यांच्यासमोर कवळी ठेवली.

"सर, किती दिवस घालत नाही ही?"

सरांनी चमचा खाली ठेवला. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं खोटं बोलायच्या आधी फार वेळ घेतात, आणि तेवढ्यात त्यांचा विचार बदलतो. "मंगळवारी घालतो," ते म्हणाले. "तू यायच्या आधी."

"दुखते?"

"डावीकडे. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तीनदा घासून दिलीस तू. दर वेळी तुझा चेहरा इतका खुलायचा. चौथ्यांदा सांगणं मला जड गेलं." मग, जणू वर्गात कुणी हात वर केला आहे अशा थाटात म्हणाले, "आणि सांगितलं की. सात ठिकाणी."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं, आणि सर घाबरून पाण्याचं भांडं आणायला गेले. ते आक्षेपाचं आणि आपल्या हिरडीचं नातं मान्य करायला अजिबात तयार नव्हते. आक्षेप आक्षेपाच्या जागी, म्हणाले, तो कुणाच्या तोंडातून निघाला यावर त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही. ते बरोबरच होतं. पण मी त्यांना खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसवलं, कवळीच्या आत पांढऱ्या पेस्टचा हात फिरवला, बसवली आणि चावायला सांगितलं. जिथे दाब पडतो तिथली पेस्ट सरकून जाते आणि खालचा गुलाबी रंग दिसतो. डावीकडे, जिभेच्या बाजूला, तांदळाएवढा डाग उघडा पडला. तिन्ही वेळेला मी त्याच्या शेजारी घासलं होतं. सर आरशात बघून सांगायचे 'इथे' आणि मी 'तिथे' समजायचे. मी तो घासला, पुन्हा पेस्ट लावली, पुन्हा बघितलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा. सर म्हणाले, झालं, आता मस्त आहे. मी म्हटलं, सर, मस्त म्हणू नका, सफरचंद खा. ते म्हणाले नंतर खातो. मी म्हटलं, आत्ता, माझ्यासमोर. आणि मी त्यांच्यासमोर बसून त्यांना आख्खं सफरचंद चावून खायला लावलं, त्यांच्या डाव्या डोळ्याच्या खालची कातडी एकदा जरी उडाली तरी कवळी काढ, घास, घाल. सव्वा तास लागला. शेवटची फोड खाऊन सर म्हणाले की दोन वर्षांत सफरचंदाची चव विसरलो होतो. मला तेव्हासुद्धा खात्री नव्हती. पेस्ट दाब दाखवते, दुखणं दाखवत नाही. मी त्यांना सांगितलं की उद्या परत येणार, परवाही येणार, आणि तुम्ही काही सांगा, मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

गुरुवारी गेले, शुक्रवारी गेले. शनिवारी सातव्या विद्यापीठाचं पत्र आलं. सहाव्याचा नकार त्याच्या आदल्या दिवशी येऊन गेला होता. सातव्याने बोलायला बोलावलं होतं, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, कॉम्प्युटरवर. मालकांनी मला कोठीची खोली दिली आणि बाहेर स्वतः राखण बसले, जेणेकरून कुणी प्लास्टर मागायला आत येऊ नये. पडद्यावर तिघं होते. मी कल्पनेत पाहिलं होतं तितके थकलेले नव्हते. दोघा पुरुषांनी वाचनाबिचनाचं विचारलं आणि मी ठीकठाक उत्तरं दिली. मग तिसऱ्या होत्या त्या वयस्क बाई म्हणाल्या की सहसा आम्ही पत्रांतलं काही उमेदवाराला सांगत नाही, पण तुमच्या सरांनी घेतलेल्या आक्षेपावर आम्ही तिघं आपापसांत दोन दिवस भांडलो आहोत, आणि आम्हाला त्याचं उत्तर ऐकायचंय. मला रात्ररात्र जागून रचलेली तीन उत्तरं येत होती. एकाहून एक चलाख. त्यांतलं पहिलं ओठांवर आलंही.

"आक्षेप बरोबर आहे," मी म्हटलं. "माझा निबंध चुकलाय. मागच्या बुधवारी मी ते एका माणसाच्या तोंडात प्रत्यक्ष बघितलं." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, नाव न घेता. पॉलिश, डबी, पाव, सफरचंद. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की मी माझी एकुलती एक राहिलेली संधी माझ्या हाताने घालवत आहे, पण दुसरं काही खरं माझ्याकडे नव्हतंच.

बाईंनी विचारलं, "मग निबंधात उरतं काय?"

"तक्रार थांबली की काम संपलं, असं मी लिहिलं होतं. ते तिथून सुरू होतं. एवढंच उरतं. याला कळणं म्हणायचं का, ते मला माहीत नाही. त्यासाठीच यायचंय मला."

त्यांनी आभार मानले. तिघांच्याही चेहऱ्यांवरून काही कळलं नाही, आणि पडदा बंद झाला. बाहेर मालकांनी विचारलं, पास का? मी म्हटलं, सांगता येत नाही. पुढचे सोळा दिवस मी कामावर तीन वेळा वरचे दात खालच्या साच्यावर लावले.

निकाल आला तो गुरुवारी सकाळी, हात मेणाने भरलेले असताना. मिळालं होतं. पाच वर्षं, शिष्यवृत्तीसह, दुसऱ्या देशात. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि मग मालकांना दिलं, त्यांनी ते मोठ्याने वाचून सगळ्या कारखान्याला ऐकवलं आणि दुपारनंतर सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली. आईची मला काळजी होती. कसं राहशील एकटी, असं मी तिला दोनदा विचारलं, तर ती उलट चिडली. तीस वर्षं मी लोकांना लांबच्या माणसांशी जोडून दिलंय, म्हणाली, मला तू शिकवू नकोस. फोन कर, आणि मी ठीक आहे म्हटलं तर आणखी पाच मिनिटं फोन ठेवू नकोस. वेबसाइटवर मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं: सातवं विद्यापीठ, तत्त्वज्ञान, मिळालं. खाली कुणीतरी, ज्याला मिळालं नव्हतं, त्याने अभिनंदन लिहिलं.

सरांना मी फोनवर सांगितलं नाही, मंगळवारपर्यंत पोटात ठेवलं. सांगितल्यावर ते उठून उभे राहिले, माझ्याशी हात मिळवला, आणि लगेच कामाला लागले. कपाटातून पुस्तकं काढून ढीग रचू लागले, हे ने, ते तिकडे मिळेल, तिथल्या थंडीत पायमोजे दोन जोड घालायचे, पहिल्या वर्षी कमी बोलायचं, दुसऱ्या वर्षी भांडायचं. फार आनंद झालाय मला, म्हणाले. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द काठोकाठ. आम्ही त्या दिवशी परिच्छेद घेतला नाही. साडेसहाला मी नेहमी निघते, तेव्हा तेच म्हणाले, चल, तुला उशीर होईल, आता तुला किती कामं असतील. मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. आणि मग परत येऊन खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेऊन. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही राहिलं का विचारलं. मी नाही म्हटलं. ते पुस्तकांचा ढीग नीट करत राहिले, कडेला कड जुळवत, मग पुन्हा मोडून पुन्हा जुळवत. खालून गाड्यांचे आवाज येत होते, शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मिळणारं उत्तर मला ठाऊक होतं. बराच वेळ गेला. सर ढिगाजवळच्या स्टुलावर बसले, पाठ माझ्याकडे.

"मला फार जड जाणार आहे हे," ते म्हणाले. "तू नसणं."

माहीत आहे मला, सर, असं मी म्हणणार होते. कुणीही म्हटलं असतं. पण ते खरं नव्हतं. दोन वर्षं समोरासमोर बसूनही मला ते माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, आणि मी त्यांना तसंच सांगितलं.